आंब्रे आणि ओंब्रे

'तेंगो आंब्रे' म्हणजे 'मला भूक लागली आहे'. 'तेंगो ओंब्रे' म्हणजे 'माझ्याकडे एक पुरुष आहे'. फरक एका स्वराचा. माझ्या संध्याकाळच्या स्पॅनिश वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी भुकेच्या जागी पुरुष आणून बसवतं, आणि मी त्या दिवसाची वाट पाहत असते. वर्गाची भीड त्या दिवशी मोडते.

एका वर्षी हा मान साठी ओलांडलेल्या एका काकूंकडे गेला. मुलगा मेक्सिकोत नोकरीला, सून तिथलीच, नात तीन वर्षांची. नातीशी फोनवर चार शब्द बोलता यावेत एवढ्यासाठी काकू तीन जिने चढून यायच्या. त्यांच्या तोंडून 'तेंगो ओंब्रे' निघालं आणि मागच्या बाकावरचा कॉलेजचा मुलगा खुदकन हसला. काकूंनी वळून विचारलं, "का रे, काय म्हणाले मी?" त्याने चाचरत अर्थ सांगितला. काकू म्हणाल्या, "मग बरोबरच आहे की. चाळीस वर्षं आहे माझ्याकडे." सगळा वर्ग हसला, काकूही हसल्या. मग त्याच मुलाने तोडगा सुचवला. "काकू, आमच्या सोसायटीत आंब्रे नावाचं कुटुंब आहे. आंब्रे आठवा, म्हणजे भूक आठवेल." त्या वर्षी आमच्या वर्गात हा शब्द पुन्हा कोणाचा चुकला नाही.

त्याच वर्गात एक तरुण इंजिनीअर होता. क्रियापदांचे तक्ते तोंडपाठ, लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी. पण चार महिन्यांत तो स्वतःहून एक वाक्य बोलला नव्हता. एकदा बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा म्हणाला, "मॅडम, वाक्य आधी मनात पूर्ण तयार करतो. ते तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो." हे पुस्तक काकूंसारख्यांच्या हाती पडावं असं मला वाटतंच. पण ते लिहिलं आहे त्या मुलासाठी आणि त्याच्यासारख्या असंख्य मराठी माणसांसाठी. त्यांना येत असतं, आणि तरी ते गप्प बसतात.

ही गप्प बसण्याची सवय कुठून लागते याचा मी बराच विचार केला आहे. माझ्या मते ती इंग्रजीने लावली. आपल्याकडे इंग्रजी ही भाषा कमी आणि लायकी तपासायचं माप जास्त झाली. मुलाखतीत एखादा काळ चुकला, एखाद्या शब्दाचा उच्चार गावाकडचा निघाला की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते ज्याने एकदा पाहिलं तो पुढे आयुष्यभर तोलूनमापून बोलतो. आणि हे फक्त इंग्रजीच्याच बाबतीत होतं असंही नाही. 'पानी' आणि 'आनि' म्हणणाऱ्या मुलाला आपल्या शाळांमधून किती हसलं गेलं आहे! तो मुलगा अडाणी नव्हता, तो आपल्या आईची भाषा बोलत होता. त्याला हसणाऱ्यांनी मराठीचं काही भलं केलं नाही. एक बोलणारा तेवढा कमी केला.

स्पॅनिशच्या पाठीवर यातलं कुठलंच ओझं नाही. महाराष्ट्रात कोणी तुमच्या स्पॅनिशवरून तुमची शाळा, तुमचं गाव, तुमच्या वडिलांचा पगार ओळखणार नाही. सासरी कोणी विचारणार नाही, नोकरीत कोणी बढती अडवणार नाही. मोठ्या वयात एखादी भाषा लहान मुलासारखी, लाजेवाचून शिकायची संधी आपल्याला क्वचित मिळते. इंग्रजीने ज्यांना दुखावलं त्यांच्यासाठी ही दुसरी संधी आहे, म्हणून मी लोकांना आग्रहाने स्पॅनिश शिका म्हणते. वीस देशांची ती राजभाषा आहे, नोकऱ्या आहेत, सिनेमा आणि साहित्य आहे, हे सगळं खरंच. पण माझं कारण आधीचं.

शिवाय मराठी माणसाला स्पॅनिशमध्ये जे फुकट मिळतं ते पाहून मला अजून नवल वाटतं. स्वर पाचच, आ, ए, इ, ओ, उ, आणि लिहिले तसे वाचायचे. त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे. प, त, क म्हणताना हवेचा फवारा सोडायचा नाही, यासाठी इंग्रजी बोलणाऱ्यांना कष्ट पडतात. आपल्याकडे प आणि फ पहिलीपासून वेगळे. वस्तूंनाही लिंग असतं हे ऐकून इंग्रज विद्यार्थी हबकतो. आपण तर तीन लिंगं सांभाळून वाढलो, तिथे दोनच आहेत. हात आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे 'ला मानो' स्त्रीलिंगी. समुद्र तर दोन्ही आहे. पुस्तकात बहुधा 'एल मार', कोळ्यांच्या आणि खलाशांच्या तोंडी 'ला मार'. हे ऐकल्यावर मराठी विद्यार्थ्याच्या कपाळावर आठी पडत नाही, कारण 'तो वेळ' आणि 'ती वेळ' त्याने घरात ऐकलेलं असतं.

सगळ्यात मोठी देणगी चतुर्थीची. 'मला आंबा आवडतो' याचं स्पॅनिश 'मे गुस्ता एल मांगो'. 'मला आंबे आवडतात' याचं 'मे गुस्तान लोस मांगोस'. आवडणारा 'मला'मध्ये जाऊन बसतो आणि क्रियापद आंब्याच्या वचनाने चालतं, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतून येणाऱ्यांची या एका प्रयोगाशी झटापट पुष्कळ दिवस चालते. मराठी माणसाला फक्त एवढंच सांगावं लागतं की मधे इंग्रजीला आणू नकोस. आपल्या बहुतेक गमतीदार चुका या मधल्या मुक्कामावर होतात. 'मला लाज वाटली' हे इंग्रजीतून नेलं की विद्यार्थी 'एस्तोय एंबारासादा' म्हणतो, आणि त्याचा अर्थ होतो 'मी गरोदर आहे'. पुरुष विद्यार्थ्यांनीही हे वाक्य माझ्या वर्गात पूर्ण गांभीर्याने म्हटलेलं आहे. मराठीतून सरळ गेलं तर वाट सोपी आहे. 'मे दा बेर्ग्वेन्सा', शब्दशः 'मला लाज देतं'. 'मला लाज वाटते'च्या किती जवळ! या पुस्तकात म्हणूनच इंग्रजी मधे घेतलेलं नाही. मराठीच्या अंगणातून थेट स्पॅनिशच्या ओसरीवर जायचं.

आता ज्या प्रयोगासाठी मला स्पॅनिश सर्वांत प्रिय आहे, त्याकडे येते. आमच्या वर्गात सात वाजता चहा येतो. एके दिवशी त्या इंजिनीअर मुलाच्या हातून कप निसटला आणि फरशीवर फुटला. सगळे दचकले, आणि तो पटकन म्हणाला, "से मे कायो एल तासा." चार महिन्यांतलं त्याचं हे पहिलं आपणहून बोललेलं वाक्य. मनात तयार करायला वेळच नव्हता. कप, म्हणजे 'तासा', स्त्रीलिंगी आहे, 'ला तासा' म्हणायला हवं होतं. मी काही बोलले नाही. वर्गानेही टाळ्या वाजवल्या नाहीत, एकीने फडकं आणलं आणि दुसऱ्याने तुकडे उचलले. मुलगा मात्र उभाच राहिला. आपण बोललो हे त्याच्या बहुधा तेव्हा लक्षात आलं.

'से मे कायो' म्हणजे काय? 'मी पाडला' असं नाही. 'माझ्या हातून पडला' असं. स्पॅनिशमध्ये जाणूनबुजून कप फोडला तर वेगळी रचना, आणि नकळत फुटला तर हा प्रयोग. पडणारा कप कर्ता, आणि ज्याच्या हातून पडला तो बिचारा 'मे'मध्ये, एका बाजूला. 'विसरलो' याऐवजी 'से मे ओल्बिदो', मला विसर पडला. किल्ल्या हरवल्या, बस चुकली, दूध उतू गेलं, सगळ्याला हाच साचा. इंग्रजीत 'मी कप टाकला' असा दोष कर्त्याच्या माथी मारावा लागतो. मराठी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांनी मात्र माणसाच्या हातून होणाऱ्या गोष्टींसाठी व्याकरणातच एक जागा राखून ठेवली आहे. आपण चुकीबद्दलही तेच म्हणतो, 'माझ्या हातून चूक झाली'. चूक झाली, ती हातून झाली, माणूस शाबूत आहे. मी पहिल्या आठवड्यातच हा प्रयोग शिकवते. रूढ क्रमाने तो फार उशिरा येतो आणि तोवर अनेकांचा धीर सुटलेला असतो.

चुकांबद्दल मोकळेपणाने वागा, असं सांगितलं की काही शिक्षक मित्र मला विचारतात, मग शुद्धतेचं काय? त्यांना मी एक जुनी यादी दाखवते. लॅटिन शिकवणाऱ्या कोणा गुरुजींनी केलेली, सुमारे सव्वादोनशे शब्दांची. 'आपेंदिक्स प्रोबी' या नावाने ती ओळखली जाते आणि तिचं हस्तलिखित इटलीत नेपल्सला आहे. एका बाजूला योग्य रूप, दुसऱ्या बाजूला विद्यार्थी बोलतात ते चुकीचं रूप, आणि असं म्हणू नका अशी ताकीद. आरशाच्या शब्दातला मधला स्वर खाऊ नका, म्हाताऱ्याच्या शब्दाचा शेवट बिघडवू नका, कानाला लाडाचं नाव देऊ नका. गंमत अशी की गुरुजींनी ज्यावर फुली मारली त्याच रूपांपासून आजचे स्पॅनिश शब्द झाले. आरसा 'एस्पेखो', म्हातारा 'बिएखो', कान 'ओरेखा'. त्या यादीत सासू आणि सुनेचेही शब्द आहेत. 'सोक्रुस' म्हणा, 'सोक्रा' नको. 'नुरुस' म्हणा, 'नुरा' नको. पोरांनी ऐकलं नाही. आज स्पॅनिशमध्ये सासू 'स्वेग्रा' आणि सून 'न्वेरा', दोघीही त्या नाकारलेल्या आकारान्त रूपातून आलेल्या.

आणि या दोघी आपल्या नात्यातल्याही आहेत. लॅटिन 'सोक्रुस' आणि संस्कृत 'श्वश्रू' एकाच मुळाच्या, 'नुरुस' आणि 'स्नुषा'ही तशाच. तिकडे त्यांच्या 'स्वेग्रा' आणि 'न्वेरा' झाल्या, इकडे सासू आणि सून. पंडितांच्या दृष्टीने आपली सासूही बिघडलेलीच. पतंजलीने 'महाभाष्या'त 'गौः' या एका शुद्ध शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश नोंदवले आहेत. आपली गाय त्या गावीच्या घराण्यातली. ज्या भाषावस्थेतून मराठी पुढे आली तिचं नावच 'अपभ्रंश', म्हणजे घसरलेली, ढळलेली. मराठी काय, स्पॅनिश काय, ज्यांना कोणी तरी चुकीचं ठरवलं त्या लोकांच्या तोंडून वाढल्या.

शब्दांचे प्रवास पाहिले तर हे आणखी जवळून दिसतं. 'शर्करा' भारतातून इराणात 'शकर' झाली, अरबांकडे 'सुक्कर', आणि अरबांचं उपपद पुढे चिकटून स्पेनमध्ये 'आसूकार'. 'नारंग' तसाच जात जात 'नारांखा' झाला. 'चतुरंग' म्हणजे बुद्धिबळ, तो अरबीत 'शतरंज' आणि स्पॅनिशमध्ये 'आखेद्रेस' होऊन बसला, तिथे त्याला आईनेही ओळखलं नसतं. प्रत्येक मुक्कामावर लोकांनी शब्द आपल्या जिभेला जमेल तसा म्हटला. बटाट्याची कथा तर चुकीचीच आहे. कॅरिबियन बेटांवर 'बताता' म्हणजे रताळं. अँडीज पर्वतातल्या बटाट्याचं नाव 'पापा'. युरोपात दोन्ही कंदांची गल्लत झाली, स्पेनमध्ये दोन्ही नावं मिसळून 'पताता' तयार झालं, आणि पोर्तुगिजांबरोबर रताळ्याचं नाव घेऊन बटाटा आपल्याकडे आला. आपण ज्याला बटाटावडा म्हणतो, त्याच्या नावात रताळं आहे. वडा त्यामुळे बिघडला नाही.

स्पॅनिशच्या सर्वांत मोठ्या ग्रंथातही चुका करणारी माणसं मानाने वावरतात. आपण ज्याला डॉन क्विक्झोट म्हणतो तो त्यांचा 'दोन किखोते', सेर्वान्तेसने १६०५ आणि १६१५ मध्ये दोन भागांत लिहिला. पहिल्या भागात एक धनगर गोष्ट सांगतो आहे आणि ग्रहणाला भलताच शब्द वापरतो. किखोते दुरुस्त करतो. धनगर आणखी चुकतो, किखोते आणखी दुरुस्त करतो. शेवटी धनगर वैतागून म्हणतो की असे पावलोपावली शब्द पकडत बसलात तर गोष्ट वर्षभर संपायची नाही. आणि किखोते माफी मागतो! दुसऱ्या भागात सांचो पान्साही मालकाला सांगतो की मला काय म्हणायचं ते तुम्हाला कळत असेल, तर माझे शब्द सुधारू नका. चारशे वर्षांपूर्वी हे लिहिलं गेलं, आणि सांचोच्या चुकांना हसणारे वाचक सांचोवर जीव टाकतात. मी वर्गात ज्या हसण्याचा आग्रह धरते ते हे हसणं. माणसाच्या बाजूला बसून हसायचं, त्याच्या अंगावर नाही. १९९७ मध्ये मेक्सिकोतल्या साकातेकास शहरी स्पॅनिश भाषेची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी शुद्धलेखनालाच निवृत्त करा, न उच्चारला जाणारा 'ह' पुरून टाका असं जाहीरपणे म्हटलं आणि एकच गहजब झाला. नोबेल मिळवणाऱ्या लेखकाला स्पेलिंगचा एवढा जाच वाटत असेल, तर आपण का घाबरायचं, असं माझे विद्यार्थी विचारतात. मला उत्तर सापडत नाही, आणि शोधायचंही नाही.

लहान मूल भाषा कशी शिकतं ते पाहा. 'मी करलं' म्हणणारं मराठी पोर चुकत नाही, ते हुशारीने नियम लावतं. 'बसलं', 'पडलं', मग 'करलं' का नको? स्पॅनिश पोरंही 'मला माहीत आहे' याला 'से' न म्हणता 'साबो' म्हणतात, त्याच न्यायाने. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात विद्यार्थ्यांच्या चुकांकडे याच नजरेने पाहायला सुचवलं, की चूक म्हणजे डोक्यात चाललेल्या बांधकामाचा पुरावा. माझ्या वर्गात कोणी 'साबो' म्हटलं की मला आनंद होतो. नियम पोचला, अपवाद उद्या पोचेल.

पण मोकळेपणा म्हणजे निष्काळजीपणा, असा अर्थ कोणी काढू नये. काही ठिकाणी मी हट्टाने थांबवते. स्वर नीट म्हणायचे, त्यात सूट नाही. स्वरांवर अर्थ उभा आहे, आणि मराठी माणसाला ते सहज जमतात. वय सांगताना 'आन्योस' म्हणायचं, कारण ञ गळून 'आनोस' झालं की वर्षांच्या जागी गुदद्वारं मोजली जातात. वडीलधाऱ्यांशी 'उस्तेद' वापरायचं. तो शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजून आला आणि त्याचं क्रियापद तृतीय पुरुषी चालतं, जसं आपण घरच्या मोठ्यांना 'काकांनी आता बसावं' म्हणतो. 'कोखेर' हे क्रियापद स्पेनमध्ये बस पकडायला चालतं. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात ते चारचौघांत उच्चारू नये. आणि हो, कोणी 'तुम्ही हिंदू का?' असं विचारलं तर बिचकू नका. कोलंबस भलत्याच किनाऱ्याला लागला आणि तिथल्या लोकांना 'इंदियो' म्हणू लागला. तो शब्द असा अडकल्यामुळे भारतातल्या माणसाला पुष्कळ ठिकाणी 'इंदू' म्हणतात, त्याचा धर्म कोणताही असो. प्रश्न देशाचा असतो.

बाकीचं सावकाश येऊ द्यावं. 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, हा र घोळवायला आठवडे लागतात. चिमणी भुर्र उडाली, असं लहान मुलाला सांगताना आपण जो र म्हणतो तोच तिथे हवा, म्हणून आमच्या वर्गात काही दिवस सगळे भुर्र भुर्र करत असतात. देशोदेशीच्या फरकांची धास्ती घेऊ नये. क्यूबात 'ग्वाग्वा' म्हणजे बस, चिलीत 'ग्वाग्वा' म्हणजे तान्हं बाळ, आणि तिथलेच लोक एकमेकांकडे गेल्यावर गोंधळतात. आपल्या घरचे शब्दही तिकडे वेगळ्याच अर्थाने भेटतात. 'पान' मागितलं तर पाव मिळेल. 'बाबा' म्हणजे लाळ. आणि 'काका' म्हणजे लहान मुलांची शी, तेव्हा माद्रिदच्या बागेत पुतण्याने मोठ्याने हाक मारली, तर शेजारची एखादी आई धावत मदतीला येईल. असे शब्द एकदा हसून ऐकले की ते विसरता येत नाहीत. पुस्तकात विनोद आहेत ते याच कामासाठी आहेत.

मराठी माणूस आणि स्पॅनिश यांचं नातं मला वाटत होतं त्याहून जुनं निघालं. सेंट झेवियर नवारातल्या हावियेर गढीत जन्मले. त्या गावाच्या नावाचं मूळ बास्क भाषेत, आणि अर्थ 'नवं घर', म्हणजे आपलं नवघर. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात जाणारी मुलं रोज हे नाव घेतात. पण मला सर्वांत जवळचे वाटतात ते वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक फिरत फिरत मेक्सिकोला पोचला, तिथल्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाला, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना चितारलं आहे. विदर्भातला माणूस मेक्सिकोच्या शेतकऱ्याला मका कसा पेरावा हे त्याच्या भाषेत सांगतो, यासाठी आधी किती वाक्यं अर्धवट सुटली असतील, किती लिंगं उलटीसुलटी झाली असतील! त्या शेतकऱ्यांना मका कळला. खानखोजे पुढे भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले.

या पुस्तकातल्या धड्यांविषयी थोडं सांगते. प्रत्येक धड्याच्या शेवटी एक कोरं पान आहे. त्यावर त्या आठवड्यात तुमच्या हातून झालेली सर्वांत मजेदार चूक लिहायची आहे, तारखेसह. उत्तरं मागे दिलेली नाहीत. ज्यांना गुण हवे आहेत त्यांच्यासाठी चांगली पुस्तकं आहेत, दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्वान्तेसच्या परीक्षाही आहेत, आणि माझे काही विद्यार्थी त्या उत्तम रीतीने पास झाले आहेत. हे पुस्तक त्याच्या आधीच्या सहा महिन्यांचं आहे, जेव्हा माणूस बोलू लागतो किंवा सोडून देतो.

काकूंची नात आता सात वर्षांची आहे. आजी चुकली की ती फोनवर दुरुस्त करते, आणि तिचं मराठी चुकलं की आजी तिला दुरुस्त करत नाही, फक्त बरोबर रूप आपल्या पुढच्या वाक्यात घालते. शिकवायची ही रीत मी काकूंकडून उचलली आहे, आणि पुस्तकभर ती दिसेल.

वाचकाला माझी एकच विनंती आहे. पहिला धडा मनातल्या मनात वाचू नका. स्वयंपाकघरात, गच्चीवर, जिथे घरातल्यांना ऐकू जाईल अशा जागी बसा आणि मोठ्याने वाचा. कोणी हसलं, तर त्यालाही शेजारी बसवून घ्या. दोघांसाठी लिहिलेले संवाद पान बारापासून आहेत.